पाकिटाचं वजन

जन्मलं त्या दिवशी बाळ तीन किलो पन्नास ग्रॅम भरलं. काट्यावरचा आकडा दोनदा वाचला आणि मगच ताईने डोळे मिटले. तिला दुसरं काही सुचणार तरी कसं? बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे तपासत फिरणं हेच तिचं काम. ती गल्लीत शिरली की भाजीवाले, किराणावाले, भंगारवाले सगळे एकदम सज्जन होतात. एका मासळीवाल्याने पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक तिने म्हणे लांबूनच ओळखलं होतं. हे भावोजी सांगतात, आणि भावोजी थोडं वाढवून सांगतात. पण चुंबक होतं, एवढं खरं.

तर अशा या ताईची धाकटी बहीण नववीत होती आणि घरात तिला सगळे भोंगा म्हणत. कारण तिची कुजबुजसुद्धा तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायची. शाळा सुटली की दप्तरासकट ती थेट ताईच्या घरी. बाळाचं नाव अजून ठरलं नव्हतं, पण ताईच्या सासूबाईंनी कामचलाऊ नाव देऊन टाकलं होतं. त्यांनी सदतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसून काढलेली. सिस्टरने दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ हातात दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगबाई, हे तर पाकीट! पत्ता तेवढा लिहायचा राहिलाय." झालं, तेव्हापासून पाकीट रडलं, पाकीट झोपलं, पाकिटाने शू केली.

गडबड एकाच गोष्टीची होती. पाकीट वाढत नव्हतं.

पाचव्या दिवशी वजन दोन किलो सातशे ऐंशीवर आलं. सुरुवातीला थोडं उतरतंच, असं दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. बाळाला छातीशी कसं धरायचं, त्याचं तोंड किती उघडलेलं हवं, सगळं त्यांनी ताईकडून करवून घेतलं. पण दहाव्या दिवशीसुद्धा काटा दोन आठशेवरच. पाकीट तोंड लावायचं, चार घोट प्यायचं, दमून झोपायचं आणि दहा मिनिटांत उठून घर डोक्यावर घ्यायचं. सिस्टर म्हणाल्या, "तीन दिवस बघू. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तरी वाढायला हवं. तेराव्या दिवशी दोन आठशे नव्वद भरलं तर असंच चालू ठेवू. नाही भरलं तर डब्याच्या दुधाचा विचार करावा लागेल."

आणि मग घरात जे सुरू झालं, ते विचारू नका.

आई म्हणजे ताई-भोंग्याची आई. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. दोन्ही लेकींच्या वेळी विसाव्या दिवशी कामावर हजर झालेली, त्यामुळे दोघी डब्याच्याच दुधावर वाढलेल्या. ती म्हणाली, "डबा आणा आणि मोकळे व्हा. माझ्या दोघी बघा की, एक अधिकारी झाली, दुसरी—"

"दुसरी ऐकू येतेय," सासूबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, फुफ्फुसं तरी दणकट आहेत ना?"

"मी कुठे नाही म्हटलं? पण अंगावरचं ते अंगावरचं. मी चौघांना पाजलंय. डबा दारात आला की आईचं दूध मागच्या दाराने जातं."

"घराला मागचं दार नाहीये," भोंगा म्हणाली. दोघींनी तिच्याकडे एकदमच डोळे वटारले. तेरा दिवसांत त्यांचं एकमत झालेलं तेवढंच.

मधे बसलेली ताई दर दोन तासांनी उशी मांडीवर घ्यायची, पाकीट उचलायची आणि दात आवळून त्याला छातीशी धरायची. पहिल्या घोटांना कळ मस्तकात जायची, हे भोंग्याला दिसायचं, कारण ताईच्या पायाचा अंगठा वळून यायचा. अंगाई म्हणून काय म्हणायची, तर "पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे". तिच्या लाकडी पेटीतली पितळी वजनं होती ती, लहानाकडून मोठ्याकडे. पाचशेपर्यंत पोचली की अंगठा सरळ व्हायचा. मग कडांना भेगा पडलेल्या ओठांनी हसून विचारायची, "काय गं भोंग्या, गणिताचा पेपर कसा गेला?"

भोंग्याला त्या वेळी वाटायचं, शाळेत उगाच भिंतीवर शूरवीरांची चित्रं लावतात. हिचं एक लावा ना! केस पिंजारलेले, गाऊनवर दुधाचा डाग, आणि तरी पाठ ताठ.

म्हणून तेराव्या दिवशी भोंगाही ताईबरोबर दवाखान्यात निघाली. ताईने रिक्षात एवढंच म्हटलं, "आजचा आकडा सांगेल तसं." सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आई कारखान्यात, भावोजी कुठल्याशा इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेलेले. भोंग्याने शाळेला दांडी मारली नव्हती. शनिवार होता, शाळा सकाळचीच. दप्तर पाठीवर, पाकिटाची पिशवी खांद्यावर, अशी ती आत शिरली.

वजनाची खोली लहानशी. टेबलावर बाळांचा काटा, शेजारी हात धुवायचं बेसिन, भिंतीवर लसींचा तक्ता. सिस्टरनी काट्यावर नवा कागद अंथरला, बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि हात धुवायला वळल्या. ताई खाली वाकून पाकिटाचे मोजे काढत होती. सासूबाई चष्मा शोधत होत्या.

आता भोंग्याने हे आधी ठरवलं होतं का? अजिबात नाही. तिच्या हातात फक्त पाकिटाचं घडी केलेलं दुपटं होतं. समोर काटा होता, कागदाची कड जराशी वर उचललेली होती, आणि डोळ्यांपुढे तो वळलेला अंगठा. दोन आठशे नव्वद. एवढंच तर हवं होतं! डोकं काही म्हणायच्या आत हाताने काम करून टाकलं. दुपटं कागदाखाली गेलं, कागद वरून सपाट झाला.

सिस्टर वळल्या, ताईने उघडंनागडं पाकीट काट्यावर ठेवलं. ते हातपाय झाडत किंचाळलं. आकडे नाचले आणि थांबले.

"दोन नऊशे तीस!" सिस्टर म्हणाल्या. "अरे वा! मस्त!"

"बघा!" सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. चष्मा सापडायच्या आतच त्यांचे डोळे पाणावले. "मी म्हणत नव्हते? म्हणत नव्हते मी?"

भोंग्याने ताईकडे बघितलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा ताईचे खांदे खाली आले होते. चेहरा असा उजळला होता, की भोंग्याला वाटलं, काय बिघडलं? कोणाचं काय गेलं? आपण किती हुशार आहोत!

ताईने पाकीट उचललं, छातीशी घेतलं. आणि सवय ती सवय. माल उचलल्यावर ती कधीच मालाकडे बघत नाही, काट्याकडे बघते. रिकामा काटा शून्यावर आला का, ते बघते.

ती बघतच राहिली.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "बाळ माझ्या हातात आहे. काटा नव्वद दाखवतोय."

हा आकडा फक्त ताईनेच बघितला होता. गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. वाजतगाजत घरी जाता आलं असतं! पण तिने एका हाताने कागद उचलला, दुपटं बाहेर काढलं, भोंग्याकडे दिलं. म्हणाली, "आपलंच आहे. सरकलं असेल खाली."

आवाजात राग नव्हता. तेच भोंग्याला सहन झालं नाही.

"सरकलं नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खोलीबाहेर गेला नाही. "मी ठेवलं."

"अगं ए!" सासूबाई ओरडल्या.

"कशाला?" ताईने विचारलं.

"तू जिंकावंस म्हणून."

"कोणाशी?"

भोंग्याला आठवेना. "आईशी. म्हणजे... डब्याशी."

ताईला हसू फुटलं. हसता हसता नाक वाहायला लागलं आणि ते तिने गाऊनच्या बाहीला पुसलं. "वेडे, मी खूश होऊन घरी गेले असते गं. आणि हे? हे काय नव्वद ग्रॅम कापडावर जगलं असतं? दुकानदार गिऱ्हाईकाला फसवतो तेव्हा निदान गिऱ्हाईक बोलू तरी शकतं."

भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. ताईने कोपराने तिला ढोसलं. "पुरे. कागद बदल. सिस्टर, पुन्हा शून्यावर घ्या."

दोन किलो आठशे चाळीस.

तीन दिवसांत चाळीस ग्रॅम. हवे होते नव्वद. हिशोब तिथे सगळ्यांनाच येत होता. ताई आकड्याकडे बघत उभी राहिली. मग तिने खालचा ओठ दाताखाली धरला आणि पाचशेपर्यंत पोचल्यावर अंगठा सरळ व्हायचा तसा तिचा चेहरा सरळ झाला.

"सिस्टर, वरचं दूध सुरू केलं तर माझं बंद करावं लागेल का?"

"मुळीच नाही. दर वेळी आधी तुमचं पाजा, दोन्ही बाजूंनी. मग वरून बाटली. वजन धरलं की बाटली कमी करता येते का ते बघू. येईल किंवा नाही येणार, आज सांगता येत नाही."

"ठीक आहे. मग आजपासूनच."

"अगं, अजून दोन दिवस थांबून बघू या का?" सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ झाला होता. "एवढे हाल काढलेस, त्याचं काहीच नाही का?"

"अहो आई, मी थांबेन हो दोन दिवस. मी चार दिवस थांबेन. पण त्याने का थांबायचं?"

सासूबाईंनी पाकिटाकडे बघितलं. ते स्वतःची मूठ तोंडात कोंबून चोखत होतं, आणि मुठीतून काही येत नाही म्हणून चिडत होतं.

"मला पटलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

"चालेल."

"पण बाटल्या उकळायचं माझ्याकडे. विहीणबाई घाई करतात. त्या चहाचं पाणीसुद्धा धड उकळत नाहीत."

"चालेल, चालेल."

पाकिटाला आधी दोन्ही बाजूंनी पाजून झालं. अंगठा वळला, पितळी वजनं मोजून झाली. मग सिस्टरनी कपाटातून डबा काढला. आधी उकळलेलं पाणी बाटलीत मोजून घ्यायचं, मग पावडर. "चमचा दाबून भरायचा नाही हं. आणि वर शीगही नको. सुरीने सपाट—"

"सिस्टर," ताई म्हणाली, "हे तुम्ही मला सांगताय?"

सिस्टर हसायला लागल्या. ताईने चमचा भरला, सुरीच्या पाठीने कड सपाट केली, डोळ्यांच्या रेषेत धरून बघितला. आयुष्यात इतका सपाट चमचा कोणी भरला नसेल! बाटली गार पाण्याखाली धरून कोमट केली, मनगटावर थेंब टाकून बघितला. तेवढ्यात आत दुसरं बाळ वजनाला आलं, म्हणून सगळे बाहेरच्या हॉलमध्ये आले.

हॉल गच्च भरलेला. एकही खुर्ची रिकामी नाही. पाकीट भुकेने लालबुंद. ताई खांबाला टेकून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बाटली त्याच्या तोंडाला लावली. जवळच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर गुटगुटीत नातू. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाटली? एवढ्याशा जिवाला? अंगावर येत नाही का हो?"

भोंगा छाती भरून तयार झाली. आता हिला असं ऐकवते, की दवाखान्याच्या काचा हलतील! पण ताईने तिला वेळच दिला नाही.

"येतं ना," ती म्हणाली. दुकानातल्या बाईने भाव सांगावा इतकं सरळ. "पण कमी येतं. त्याला पुरत नाही. म्हणून दोन्ही देतेय."

बस, एवढंच. खाली मान नाही, वर मान नाही. मग बाईंनी नातवाला दुसऱ्या मांडीवर घेतलं, पिशवी पायाशी सारली आणि सरकल्या. "बसा ना मग. उभ्याने काय पाजताय? पाठ जाईल."

ताई बसली. सासूबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या, पंख्याचा वारा बाळाला लागू नये म्हणून पदर आडवा धरून. भोंगा पुढ्यात उकिडवी बसली. पाकीट घटाघटा पीत होतं, डोळे विस्फारून, जणू काही आत्ताच कोणीतरी त्याला जगाबद्दल मोठी बातमी सांगितली होती. चाळीस मिली संपलं. चेहऱ्याचा लाल रंग उतरला, भुवया सैल झाल्या. जन्मल्यापासून घट्ट आवळलेली उजवी मूठ ताईच्या गाऊनवर होती.

"बघ, बघ," ताई म्हणाली.

करंगळी सुटली. मग तिच्याशेजारचं बोट. मग सगळी मूठ हळूहळू उघडली आणि तळहात वर करून पाकीट झोपून गेलं.