मुलीच्या आईचा गुलाबी

आमच्या इमारतीतल्या बायकांची जोंजूला जायची टूम निघाली, तेव्हा मी हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. दासोम गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. भात गरम आहे की गार, एवढं कळतं.

आमच्याकडे कोरियात बाईला पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. तीस वर्षं मी दासोमची आई होते. ती अपघातात गेली आणि महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी मी थेगुनची आई झाले. थेगुन माझा धाकटा. मला कुणी विचारलं नाही.

हानबोक, म्हणजे आमचा सणासमारंभाचा पारंपरिक पोशाख, भाड्याने देणाऱ्या दुकानात बायका कपड्यांवर तुटून पडल्या.

"अगं, तो लाल ठेव. साठीची नवरी दिसशील."

"दिसू दे की. पहिल्या वेळी तरी कुठे धड नवरा मिळाला?"

मी गुलाबी उचलला. लग्नात मुलीच्या आईचा गुलाबी आणि मुलाच्या आईचा निळा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हसणं थांबलं.

शेजारची संगजूनची आई निळा घेऊन आली. "थेगुनची आई, हा बघ. तुला खुलतो. थेगुनच्या लग्नात हाच तर घालायचाय."

"मला हा हवाय."

"हट्ट कशाला? फोटो सगळ्यांच्या घरी लागणार. लोक विचारतील."

"विचारू देत."

तिने माझ्या हातातला हँगर धरला. मीही सोडला नाही. दोन म्हाताऱ्या भर दुकानात ओढाताण करत होत्या आणि मला साधी लाजही वाटली नाही. शेवटी तिने सोडला. मी तो घातल्यावर तिनेच माझ्या छातीवरची फीत बांधून दिली. मला ती जमली नसती.

फोटोवाल्याने आम्हाला ओळीत उभं केलं. "गुलाबीवाल्या काकू, मध्ये या. लग्न कधी लेकीचं?"

सगळ्या जमिनीकडे बघू लागल्या.

"लेक गेली माझी," मी म्हणाले. "दासोम नाव तिचं."

त्याने कॅमेरा खाली घेतला.

"काढा हो तुम्ही फोटो," संगजूनची आई त्याला म्हणाली. माझ्याकडे न बघताच तिने माझा कोपर धरला. "दासोमची आई, मान वर कर जरा."

मी वर केली.