अठरा उपग्रहांची राखण

हायस्कूलच्या फळ्यावर, देवळाच्या ओसरीत आणि बाजारातल्या चहाच्या दुकानात भाईंनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवले होते : 'अठरा उपग्रहांत जगाची राखण. वक्त्या : नीरजाबाई, बी.एस्सी.' सोमवारी कागद लागले, शनिवारी व्याख्यान होतं, आणि शुक्रवारी दुपारी मला कळलं की माझे अठरा साफ चुकलेत.

साल १९६१, एप्रिल संपत आलेला. नुकताच एक माणूस पृथ्वीला फेरी मारून सुखरूप खाली उतरला होता, आणि मालवणात मासळी घेतानासुद्धा लोक अंतराळाच्या गप्पा मारत होते. भाई आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की अमेरिकन लोक उपग्रहांवर अस्त्रं बसवायचा विचार करताहेत. शत्रूचं क्षेपणास्त्र जमिनीवरून उठलं रे उठलं की वरच्या वर टिपायचं.

"नीरजाबाई, हे शक्य आहे का, ते गणित मांडून लोकांना सांगा," ते ऑफिसात म्हणाले. "व्याख्यान चांगलं झालं तर जूनपासून अकरावीचं गणित तुमच्याकडे, आणि नोकरीही कायम."

कमिटीतल्या गुरुदासांचं मत वेगळं होतं. बाईमाणसाने पाचवी-सहावीला शिकवावं, अकरावीची पोरं तिला जुमानणार नाहीत, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते. मी मुळातच फटकळ. पण त्या दिवशी हजेरीपट उचलून वर्गावर गेले, कारण अकरावीचा तो वर्ग मला हवा होता, अगदी जिवापासून हवा होता.

गणित मी आमच्या गावच्या पद्धतीने केलं. भात कापून झालं की आमच्याकडे बहुतेक गुरं मोकाट सोडतात. ज्याने वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, लावलं असेल त्याने आपलं शेत आपण राखायचं. माणसं किती लागतील? शेताला एक फेरी मारायला लागणारा वेळ घ्यायचा आणि गुराला भातात शिरायला लागणाऱ्या वेळाने भागायचं. उपग्रहाची फेरी नव्वद मिनिटांची. क्षेपणास्त्राचा जाळ दिसतो पाचेक मिनिटं, तेवढ्यातच त्याला गाठायचं. नव्वद भागिले पाच, अठरा. एकामागून एक अठरा उपग्रह फिरत ठेवले की काम झालं. भाई खूश आणि मी त्यांच्याहून खूश.

शुक्रवारी मी बांधावर बसून भाषण घोकत होते. समोर आमचा गुराखी महादू आमच्या आणि शेजारच्या दुभत्या म्हशी चारत होता. तो त्यांच्याभोवती घामाघूम होऊन धावत होता.

"धावतंस कित्याक रे?" मी म्हटलं. "एका रिंगणात फिर की."

"शेत थंयच रवता, बाईनू. म्हशी रवतत? मी वळसो घालून येयसर त्यो फुडल्या कुणग्यात, दुसऱ्याच्या भातात."

मी भाषणाचे कागद खाली ठेवले. पृथ्वी काही शेत नव्हे, एका जागी राहायला. उपग्रह एक फेरी पुरी करतो तोवर ती खालून दीडएक हजार मैल सरकलेली असते. माझी अठरांची माळ भलत्याच मुलखावरून फिरत राहणार आणि क्षेपणास्त्र तिसरीकडूनच उठणार. तिथेच मातीत काडीने आकडे मांडले. माळेतल्या दोन उपग्रहांत जेवढं अंतर तेवढंच दोन माळांत हवं, आणि प्रत्येक माळ पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पुरते, म्हणून अठराच्या निम्म्या, अशा नऊ माळा हव्यात, म्हणजे एकशे बासष्ट उपग्रह. आणि एका उपग्रहाने एकच टिपायचं म्हटलं, तर एकाच ठिकाणाहून दहा क्षेपणास्त्रं एकदम उठल्यास सोळाशे वीस. तोवर साऱ्या जगाने मिळून शंभर उपग्रहही सोडले नव्हते.

अठराच सांगितले असते तर मालवणात एकालाही पत्ता लागला नसता. मला मोह झाला. पण हाच हिशेब उद्या अकरावीच्या पोरांपुढे कुठल्या तोंडाने मांडणार होते?

शनिवारी संध्याकाळी वाचनालय भरलं होतं. मी उभी राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "कागदावरचे अठरा चुकीचे आहेत. चूक माझी आहे, भाईंची नाही." मग फळ्यावर सगळं मांडलं. "आज हे शक्य नाही. पुढे कधी माणसाला जमेलही, पण आज अठरांवर विसंबून कुणी निश्चिंत झोपू नये."

गुरुदास उठले. "मग आम्ही इथे काय ऐकायला आलो?"

माझ्याआधी मागून महादू बोलला. "बाईनू, सोळाशे राखणे ठेवच्यापरास गुरांच्या धन्यांका एका जाग्यार बसवन गुरां बांधूक लावलेली बरी नाय?"

लोक हसले. मी नाही हसले. एवढी आकडेमोड करून मला जे सुचलं नव्हतं ते महादूने सांगितलं, की देशांनीच एकत्र बसून आपापली क्षेपणास्त्रं आवरावीत, आणि तेच मी पुढची पंधरा मिनिटं लोकांना समजावलं. बोलताना मला खरंच बरं वाटत होतं. भाई मात्र मान खाली घालून बसले होते आणि आभाराचे दोन शब्दही न बोलता निघून गेले.

सोमवारी त्यांनी ऑफिसात बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच मी गेले. टेबलभर कागद पसरले होते, प्रत्येकावर गोल काढलेले आणि खोडलेले.

"अठरा समाजले," भाई म्हणाले. ऑफिसात मालवणी बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते. "हे नऊ खंयसून इले, ता काय माका कळणा नाय. दोन दिवस झाले."

मी समजावलं. त्यांना कळलं नाही. पुन्हा समजावलं. तिसऱ्या खेपेला माझा आवाज चढला, आणि चेअरमनवर ओरडले हे लक्षात येऊन मी एकदम थांबले.

"थांबा नकात," भाईंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "अकरावीत माझ्यासारखे धा तरी आसतले. जूनपासून त्यांकाय असाच सांगूचा लागात."