बारक्या पेशींचा रकाना

"त्या बारक्या मेलेल्या आहेत, जयवंताबाई. तो रकाना खोडा आणि तक्ता नव्याने उतरवून द्या," डॉ. कृष्णकांत म्हणाले. "परवा हैदराबादच्या परिषदेत वाचायचाय."

जयवंताबाईने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला नाही. "मेल्या नाई, साहेब. वाढून राहिल्या."

अडुसष्ट साली ती या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली, कामठीहून बसने येऊन. मोजणीचा माणूस सोडून गेला तेव्हा साहेबांनीच तिला यीस्टपुढे बसवलं. गावाकडे जवसातले खडे निवडलेली नजर होती ती. पावाला फुगवणारं ते यीस्ट, त्यातल्या किती पेशींना बाजूने कोंब फुटला अन् किती अजून गुळगुळीत, हे ती अकरा वर्षं दर दहा मिनिटांनी मोजत आली. कोंब आला म्हणजे पेशीने एकाची दोन व्हायचं ठरवलं. कोंब वाढतो, सुटतो, लेक होते.

साहेबांचं म्हणणं, साखर घातली की ठरल्या मिनिटाला सगळ्या कोंब धरतात. सारा कारभार घड्याळाचा. न धरणाऱ्या मेलेल्या. जयवंताबाईला दिसलं ते निराळं. आई लगेच पुन्हा कोंब धरते, पण नुकती सुटलेली लेक थांबते. साखर पुढ्यात असली तरी पुरती भरल्याशिवाय ती हलत नाही. आणि एकदा ठरवलं, की मग साखर काढून घ्या, ती मागे फिरत नाही. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. तिने आपलं पट्टी घेऊन बारक्यांचा वेगळा रकाना आखला होता.

"तुमचं शिक्षण किती?" साहेबांनी विचारलं.

"सातवी. पण मेलेलं कोणतं अन् जितं कोणतं, ते पाहाले मॅट्रिक कायले व्हा लागते?"

साहेबांची संशोधक विद्यार्थिनी लतिका खोकल्याआड हसली आणि त्यांनी पाहताच थांबली. तिच्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

"तक्ता देता, की पुन्हा बाटल्यांवर जाता?"

जयवंताबाईची कानशिलं तापली. अकरा वर्षं 'बाईंनी मोजलं म्हणजे बरोबर' म्हणत पाहुण्यांना मिरवणारा हा माणूस! त्यालाच काचपट्टीवर चिकटवून भिंगाखाली घालावा, असं तिला वाटलं.

"सकाळपासून या एका बारकीवर नजर ठेवून हाय मी," ती म्हणाली. "तुम्ही बसा इथं, पाहा. कोंब नाई आला, त मीच खोडते रकाना."

"मला वेळ नाही." साहेबांनी सूक्ष्मदर्शकापुढच्या दिव्याची पिन भिंतीतून उपटली. "उठा."

ती उठली नाही. तिने सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा फक्त खिडकीकडे वळवला. बाहेर नागपूरचा मार्च होता, उजेडाला तोटा नव्हता. भिंगात पुन्हा लख्ख झालं.

"लतिका, तक्ता तू उतरव," साहेब दारातून ओरडले. "बाई उद्यापासून बाटल्यांवर."

लतिकाने मान खाली घालून कागद ओढला. दुपारी तिने दोनदा म्हटलं, "बाई, जेवून तरी घ्या." जयवंताबाईने भिंगावरचा डोळा हलवला नाही. राग गिळून पोट भरलेलंच होतं.

"लतिका, इकडं ये. पाह्य वं."

लतिकाने डोळा लावला. सकाळची ती बारकी आता चांगली टपोरी झाली होती आणि तिच्या कडेला मोहरीहून कितीतरी लहान असा एक फुगवटा वर आला होता. लतिकाने बराच वेळ डोळा काढला नाही.

"आलाय," ती हळूच म्हणाली.

"मंग तू काय लिहून राहिली ते?"

 लतिकाने जागेवर जाऊन तक्ता पुरा केला, बारक्यांना वगळून.

जयवंताबाईने आपल्या वहीत, बारक्यांच्या रकान्यात, वेळ मांडली. तीन वाजून बेचाळीस मिनिटं. वही साहेबांच्या टेबलावर उघडीच ठेवली. मग पदर खोचला आणि उद्याची वाट न पाहता, मोरीवर जाऊन तिने नळ सोडला.