मेणाचा ठिपका

“परत ‘सर म्हणतात’!” जालिंदर सरांनी खडू टेबलावर आपटला. “अगं, मुलाखत तुझी हाय का माझी? ‘मी’ म्हणायचं. मी असं शिकवते, मला असं वाटतं. दुसऱ्याचं नाव निघालं की कमिटी समजती, हिच्याजवळ सोताचं काईच न्हाई.”

पंचशीलानं मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली.

युसूफ वडगाव या गावच्या शाळेतला हा वर्ग संध्याकाळी रिकामा असायचा. शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत दोघांची तालीम चालायची. याच वर्गात ती जालिंदर सरांकडे विज्ञान शिकली होती. आता एम.एस्सी., बी.एड. होऊन ती पुन्हा त्याच बाकावर बसली होती आणि सर खुर्ची ओढून अध्यक्ष झाले होते.

“बोला मॅडम, आपण शिक्षकी पेशा का निवडला?” सर अध्यक्षांच्या आवाजात विचारायचे.

“मला मुलांमध्ये राहायला—”

“हे समदेच म्हणतात. पुढं.”

पुढं पुढं करता करता उत्तरांची चव गेली होती. पुन्हा पुन्हा उकळलेल्या चहापत्तीसारखी ती झाली होती. रंग यायचा, बाकी काही नाही. कुठे थांबायचं, कुठे किंचित हसायचं, हेही आता ठरून गेलं होतं. झोपेतून उठवलं असतं तरी तिनं ते सगळं थांब्यांसकट म्हणून दाखवलं असतं.

दूरच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकाची एक जागा निघाली होती. त्याच जागेसाठी सरांनाही बोलावणं होतं. दरवर्षी जूनमध्ये वडगावची शाळा त्यांना तासिकेवर, तासामागे पैसे देऊन घ्यायची आणि उन्हाळा लागला की मोकळं करायची. “मी या शाळेचा पाहुणा हाय,” ते म्हणायचे, “फक्त पाहुणचार मलाच करावा लागतो.” वयाच्या अटीत बसणारी त्यांची ही शेवटची भरती होती. ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही खिडकी लावता लावता.

पंचशीलाच्या आईला, सिंधुबाईला, हे सगळं चमत्कारिक वाटायचं. सर दारात येऊन ‘जयभीम’ म्हणाले की ती पाणी द्यायची आणि विचारायची, “एकच जागा, अन् दोघं मिळून अभ्यास. उद्या भांडाल न्हवं?”

“सिंधुताई, कुणालाबी लागली तरी नोकरी वडगावच्याच माणसाला मिळती का न्हाई? मग झालं.”

मुलाखतीच्या दिवशी ते पहाटेच्या गाडीनं निघाले. मांजरसुंब्याला उतरून पुढे जीप. पंचशीलाच्या पिशवीत कागदपत्रांबरोबर स्टीलची एक वाटी, नाणं आणि मेणबत्तीचा तुकडा होता. हे सरांचं आयुष्यभराचं साहित्य. वाटीच्या तळाला नाणं ठेवायचं, ते काठाआड जाईपर्यंत मुलांना मागे सरकवायचं आणि मग हळूहळू पाणी ओतायचं. न दिसणारं नाणं दिसू लागतं. मात्र नाण्याखाली मेणाचा ठिपका हवा. नाही तर पाण्याच्या धारेनं ते सरकतं आणि कुणीतरी पोरगं म्हणतंच, की नाणं हललं म्हणून दिसलं. “शंकेला जागा ठेवायची न्हाई,” सर म्हणायचे, “तरच पोरगं आपल्या डोळ्यावर इस्वास ठेवतं.”

तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात दहा उमेदवार बसले होते. सगळ्यांच्या कपड्यांना कडक इस्त्री होती, पण प्रवासानं ती पाठीवर मोडलेली. सगळ्यांचे ओठ हलत होते. शेजारच्या अमरसिंह नावाच्या उमेदवारानं सरांकडे वाकून हळूच विचारलं, “तुमचं ठरलेलं हाय का?”

“न्हाई.”

“मग आलाव कावून?”

“घरी बसून तरी काय करू? तुमचं?”

“माझंबी न्हाई,” तो म्हणाला आणि दोघं हसले.

थोड्या वेळानं मुख्याध्यापकांनी वर्गावर घ्यायच्या पाठाचा विषय सांगितला. सगळ्यांना एकच: इयत्ता दहावी, प्रकाशाचं अपवर्तन. पंचशीलानं सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा उजळला होता.

“नाणं,” ते म्हणाले.

“पण तुम्हीही तेच घेणार ना?”

“घेऊ की. शिपाई म्हणला, हरेकाला येगळी तुकडी हाय. तुझं झालं की वाटी मला दे.”

तिला अ तुकडी मिळाली, पहिल्याच फेरीत. मागच्या बाकांवर समिती बसली होती. तिनं ठिपका ठेवला, नाणं दाबलं, मुलांना मागे सरकवलं. हळूहळू पाणी ओतलं. नाणं दिसताच मुलं ओरडली आणि तिच्या तोंडून सरांचंच वाक्य आलं, “नाणं उठलं, का पाणी उठलं, का तुमचा डोळा उठला?” वर्ग खळाळून हसला, मग भांडू लागला. एक मुलगी बाकावर चढून म्हणाली, “काईच उठलं न्हाई मॅडम, उजेड वाकला!” मागे कुणीतरी टेबलावर हलकेच बोटं वाजवली.

बाहेर येऊन तिनं ओली वाटी सरांच्या हातात दिली. “झकास झालं, ऐकू येत हुतं,” ते म्हणाले.

त्यांची पाळी येईपर्यंत दुपार झाली. तोवर बाकीच्या तुकड्या चाचणीला बसल्या होत्या. शिपायानं सरांना अ तुकडीच्या दाराशी नेलं. पंचशीला उठली. पण सांगणार काय आणि कुणाला? ती खिडकीच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली.

आत सरांनी वाटी ठेवली. मेणबत्ती पेटवली.

“सर, नाणं वर येतंय,” मागून एक मुलगा म्हणाला. हशा पिकला. “मॅडमनी केलतं मगाशी.”

सरांचा पाण्याचा तांब्या हवेतच राहिला. मग त्यांनी पाणी ओतलं, सावकाश, धार न तुटू देता. “आसं व्हय. मग सांगा बरं, नाणं उठलं का—”

“पाणी उठलं का तुमचा डोळा उठला!” सगळ्या वर्गानं एका सुरात वाक्य पुरं केलं.

सर हसले. ‘हे माझं आहे’ असं ते म्हणाले नाहीत, खिडकीकडेही त्यांनी बघितलं नाही. “मॅडमनी चांगलं शिकवलं म्हणायचं,” ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले. मग त्यांनी किरणांची आकृती काढली, सूत्र लिहिलं, व्याख्या सांगितली. मुलांकडे पाठ करून शिकवताना पंचशीलानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मुलाखतीला त्यांना आधी बोलावलं. ते लगेच बाहेर आले. “नाव इचारलं, गाव इचारलं, वय इचारलं. जा तू. ध्यानात ठीव, ‘मी’ म्हणायचं.”

खोलीत पंखा आवाज करत फिरत होता. अध्यक्ष खुशीत होते. “तुमचा पाठ लई आवडला बरं का आमाला. आन् ते मगाचे सर! तुमचाच पाठ उचलला की जशाचा तसा. वाक्यसुदिक तेच. एवढी वर्षं शिकवून काय केलं म्हणतो मी!” सगळे हसले.

मुख्याध्यापकांनी चष्मा सारखा केला. “ही कल्पना तुमची स्वतःची का?”

खरं उत्तर लहान होतं, दोन-तीन शब्दांचं. ते तिच्या जिभेपर्यंत आलंही असेल. पण पहाटेपासूनचं जागरण, जीप, दुपारचं ऊन आणि डोक्यात एकच मळलेली वाट.

“मी असंच शिकवते,” ती म्हणाली. “मला वाटतं, मुलांना आधी आश्चर्य वाटलं पाहिजे, व्याख्या नंतर.” इथे थांबायचं होतं, ती थांबली. इथे किंचित हसायचं होतं, ती हसली. सरांनी घोटून घेतलेलं उत्तर एकाही चुकीशिवाय बाहेर पडलं. अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे बघून मान डोलावली.

परतताना मांजरसुंब्याला केजची गाडी यायला वेळ होता. रस्त्याकडेच्या हॉटेलात दोघं बाकड्यावर बसले. सरांच्या शर्टाच्या बाहीवर खडू लागला होता.

“काय इचारलं?”

“कल्पना कुणाची, असं विचारलं.”

“मग?”

ती बाहेर बघत राहिली. एक ट्रक वळण घेत होता.

“तुमचं नाव सांगितलं.”

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “येडी हायस का गं तू?”

तिनं आपला ग्लास तोंडाला लावला.

“एवढं घोकून घेतलं, अन् ऐनवेळी मास्तरचं नाव? बघा हो,” ते चहावाल्याकडे वळले, “हातातली जागा घालवून आली ही! मी सोता बजावलतं हिला!” चहावाला हसला. सरांचा आवाज चढला होता. वर्गात नाणं दिसल्यावर चढायचा, तसाच. ते बराच वेळ रागावत राहिले. मधेच थांबून त्यांनी विचारलं, “पण म्हणलीस कसं? नेमकं?”

“म्हटलं, हा प्रयोग जालिंदर सरांचा आहे. मी त्यांच्याकडे शिकले.” हे तिनं कधी घोकलं नव्हतं, तरी ते सरळ आलं.

“नाव पुरं सांगितलंस?”

“पूर्ण.”

“अध्यक्ष काय म्हणले?”

“काही नाही. मान डोलावली.”

“चुकलंच तुझं,” सर म्हणाले आणि आणखी दोन चहा सांगितले.

गाडीत त्यांनी पिशवीतून वाटी काढली, रुमालानं पुसली आणि तिच्या मांडीवर ठेवली. “ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. कुठंतरी लागंल.” नेकनूर यायच्या आत काचेला डोकं टेकून त्यांना झोप लागली. झोपेतही चेहऱ्यावर ते मघाचं रागावणं होतं, सैलावलेलं.

पंचशीलानं वाटीत बोट घातलं. नाणं अजून तळाला चिकटलेलंच होतं. तिनं नखानं खरवडून बघितलं, ते सुटलं नाही. रस्ता खराब होता, गाडी सारखी उसळत होती, खिडक्या खडखडत होत्या. वाटीतून मात्र कसलाही आवाज येत नव्हता.