थोडी कणकण

माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवावा अशा जगात दोनच गोष्टी आहेत: रक्ताचं नातं आणि स्वतःची प्रतिकारशक्ती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या धाकटीचं हे मत साठीपर्यंत टिकलं. मग एकाच आठवड्यात दोन्ही गोष्टी फितूर झाल्या.

रक्ताचं नातं म्हणजे थोरली बहीण. ती जन्मभर इस्पितळात नर्स होती, त्यामुळे अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणे. ताई म्हणणारी एकटी धाकटी. दोघी एकत्र राहत. थोरलीने सांगायचं आणि धाकटीने ऐकायचं, अशी कामाची वाटणी होती. तपासणीत धाकटीची हाडं ठिसूळ निघाली, तेव्हा ती बळकट करणारं सलाइन घ्यायचं हेही थोरलीनेच ठरवलं.

"त्याने काही होत नाही ना गं ताई?"

"काय होणारे? थोडी कणकण येईल. एक गोळी घ्यायची की झालं."

'थोडी कणकण' या शब्दांत नर्स मंडळी काय काय बसवतात याला सुमार नाही. दुसऱ्या दिवशी धाकटी अशी तापली की अंगावरची चादरही टोचू लागली. ज्या हाडांच्या भल्यासाठी हा खटाटोप, तीच सगळ्यांत मोठ्याने बोंबलत होती.

ताप उतरला आणि उजवा डोळा लालबुंद झाला. ज्याला भिंग लावून ती केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायची, तोच डोळा. दुकानाचं भांडवल काय ते तेवढंच. डावा आपला जोडीला होता.

"डोळे आलेत," थोरली तिच्याकडे न बघताच म्हणाली. "साथ आहे."

"पण एकच आलाय."

"दुसरा येईल मागाहून."

डोळ्यांचं हे असंच असतं. आले तरी पंचाईत, गेले तरी पंचाईत. धाकटीने टॉवेल वेगळा केला, काळा चष्मा लावला आणि दुसऱ्या डोळ्याची वाट पाहिली. तो काही आला नाही. पहिल्यात मात्र उजेड सुईसारखा घुसू लागला, आणि टेबलावरचं घड्याळ दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा ती घाबरली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. थोरली "मीच येते जाऊन, औषध विचारून," म्हणत होती. पण डोळा बरोबर न्यावा लागतो, हे धाकटीला कळत होतं. मग थोरलीही मागोमाग आली.

डॉक्टरने यंत्रातून डोळा पाहिला. "सकाळी चिकटतो का?"

"नाही."

"मग हे डोळे येणं नव्हे. आत सूज आहे. हाडांसाठी सलाइन घेतलं होतं का एवढ्यात?"

"हाडांचा आणि डोळ्यांचा काय संबंध?"

"त्या औषधाने काही जणांची प्रतिकारशक्ती खवळते. बहुतेकांचं तापावर भागतं. क्वचित ती डोळ्यावर घसरते. शत्रू सापडला नाही की घरच्यांवरच हात टाकायचा, तसं." मग दाराशी बसलेल्या थोरलीकडे वळून तो म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी तुमचंही हेच झालं होतं की!"

थोरली भिंतीवरच्या तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचू लागली.

रस्त्यावर आल्यावर धाकटी म्हणाली, "गेल्या वर्षी तुझे डोळे आले होते."

"हो."

"म्हणजे आले नव्हते."

"सांगितलं असतं तर तू सलाइन घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं."

"म्हणून नाही सांगितलं. आई खुबा मोडून कशी गेली, विसरलीस?"

"बरं. आणि डोळा लाल झाला तेव्हा?"

थोरलीने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "वाटलं, आपोआप जाईल आणि तुला कळणारही नाही."

"म्हणजे तुझं पितळ झाकायला माझा डोळा?"

थोरली रिक्षाला हात करू लागली.

"प्रतिकारशक्तीला मी माफ केलं," धाकटी म्हणाली. "ती बिचारी अडाणी आहे. तू तर ट्रेनिंग घेतलंयस."

त्या दिवसापासून धाकटीने बोलणं टाकलं. पण थेंब दर तासाला घालायचे होते, आणि केसाएवढी स्प्रिंग न हलता बसवणारा तिचा हात स्वतःच्या डोळ्यापाशी आला की थरथरायचा. घरात तिसरं माणूस नव्हतं. शेवटी तिने ताई म्हणणं तेवढं टाकलं.

"सिस्टर, थेंब."

थोरली बाटली घेऊन आली. "वर बघ."

"वर बघा, म्हणा. पेशंट आहे मी."

"वर बघा."

थेंब गालावर पडला.

"नेम चुकला तुमचा."

"घालते दुसरा," थोरली म्हणाली. "हलू नका."

पुढे थेंब कमी होत होत बंद झाले. डोळा बरा झाला. हाडं बळकट झाली का, ते पुढच्या वर्षीच्या तपासणीत कळेल.