बिनजोडणीचा दिवा

भर दुपारी गुंडू महाराजांच्या हातातला बल्ब पेटला आणि शाहूवाडीच्या माळावरच्या दीडशे माणसांनी एकदम हात जोडले.

मागे गावाचा सौर प्रकल्प. तयार होऊन चौदा महिने झाले, पण वीज कंपनीच्या लाइनला जोडणी नाही.

"जोडणी हाय का?" महाराज गरजले.

"न्हाय!"

"मग करंट कुठनं आला? कंपनीत फाइल अडती, देवीकडं न्हाय! आता एका कुमारिकेनं ओल्या हातानं ह्या तारा कलशाला बांधल्या, की अमावास्येच्या आत जोडणी!"

सगळ्यांच्या नजरा माझ्या इरावतीकडे वळल्या. पाच वर्षांची. तिच्या आजोबांनी, तात्यांनी, सकाळीच महाराजांना शब्द दिला होता. शेजारच्या बयाबाईंनी तिचे हात तांब्यात बुडवलेसुद्धा.

माझी नजर बल्बवरून हलेना. ढग सरकला, माळावर सावली पडली आणि बल्ब मंदावला. ऊन आलं, पुन्हा लख्ख. देवीला ढगाचं काय?

कलशापाशी झेंडूचा ढीग होता. मी तो पायानं उडवला. खालून त्याच दोन वायरा, बल्बच्या होल्डरपासून सरळ पॅनेलांकडे गेलेल्या.

"इरा, हात लावू नकोस!"

"सूनबाई, मेलेली वायर हाय ती," तात्या तडकले. "जोडणी न्हाय तर करंट कुठला? चारचौघांत लाज काढू नगंस."

"तात्या, लाइनला जोडणी नाही. उन्हाला आहे की!"

मी मंडपाची ताडपत्री ओढली.

"देवी कोपंल!" महाराज ओरडले. कुणी हललं नाही. मग बयाबाईंनीच दुसरं टोक धरलं. वायरा ज्या सहा पॅनेलांना जोडल्या होत्या, ती आम्ही झाकली. बल्ब विझला. ताडपत्री काढली, पेटला. झाकली, विझला.

"आयला, देवी पांघरूण घेऊन झोपती व्हय?" कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही. सगळे इराच्या हातांकडे बघत होते. बोटांवरून पाणी टपकत होतं.

"मी... मी प्लास्टिकचा होल्डर धरतो की," महाराज पुटपुटले. म्हणजे करंट आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

पॅनेलवर ऊन पडलं की वीज तयार होते, लाइन जोडलेली असो वा नसो. ओळीनं जोडलेली सहा पॅनेलं माणूस मारायला पुरतात.

महाराज गेला. पण चौदा महिने जोडणीच्या रांगेत आपला नंबर कुठे अडलाय, हे कंपनीत कुणी सांगितलं नाही, म्हणूनच त्याचं फावलं. आपल्यापुढे एक खांबही न रोवलेले प्रकल्प आहेत म्हणे. रांगेची यादी भिंतीवर लावा, नुसते कागदावरचे प्रकल्प बाजूला काढा, जो तयार त्याला आधी जोडा. कंपनीकडे एवढं मागायला सह्यांचा अर्ज लागतो, कुमारिका नाही.

पहिली सही तात्यांनी केली. मग कुंपणावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'जोडणी न्हाय. करंट हाय.'