रुमालाखालचा हात

अमरावतीच्या त्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग साचला होता. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या. एकीवर अक्षरमहाराज बसले होते आणि दुसरीवर जन्मात कधी न बोललेला एक मुलगा. त्याच्यासमोर अक्षरं रंगवलेला लाकडी पाट. महाराजांच्या शिष्या, पांढऱ्या साडीतल्या दामिनीताईंनी त्याचं मनगट अलगद धरलं होतं आणि त्याचं बोट पाटावर टकटक फिरत होतं. ज्या अक्षरावर बोट पडेल ते ताई माईकवर वाचत.

"आई... मी... तुझ्या पोटी... मुद्दाम आलो."

पहिल्या रांगेतली त्याची आई खुर्चीतून खाली कोसळली. मागच्या आया उभ्या राहून रडू लागल्या.

"पाहिलंत?" महाराज गरजले. "डॉक्टर म्हणतात दोष आहे! शाळा म्हणते जागा नाही! अहो, हे मौनी जीव आहेत. यांना बाराखडी काय शिकवता? हे बाराखडीच्या आधीचे आहेत!"

बाराखडीच्या आधीच्या त्या जीवाला जोडाक्षरं मात्र अस्खलित येत होती. महाराजांचा पूर्वी अकोल्यात, जुन्या शहरात टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, बोटं राहिली.

मी तिथे ड्रायव्हर म्हणून हजर होतो. एरवी मी मोर्शीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. वर्षाली आमची शेजारीण. तिचा नवरा शेखर हंगामभर संत्र्यांच्या गाड्यांसोबत परगावी असतो. लेकीला, अपेक्षाला, घेऊन बसने जायचं तर ती हॉर्नच्या आवाजाने किंचाळते आणि प्रवासी आईला संस्कार शिकवतात. म्हणून वर्षाली म्हणाली होती, "सर, तुमी चालता का? तुमी काई बोलत नाई, थे बरं हाय."

अपेक्षा नऊ वर्षांची. बोलत नाही. पहिल्या शाळेने "बाकीच्या पोरांले त्रास होते" म्हणून घरी पाठवलं, दुसरीने नुसतंच पाठवलं. मग वर्षालीने घरामागच्या संत्र्यांच्या शेडमध्येच तिची शाळा मांडली. जुन्या कॅलेंडरांवरची चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली: ग्लास, पोळी, झोका, हात, पोट, कान. एक पुठ्ठा नुसता लाल. तो म्हणजे दुखणं. ग्लासाचा पुठ्ठा दाखवायला अपेक्षाला वर्ष लागलं. संत्री मात्र ती कुणी न शिकवता निवडते. लहान, मध्यम, मोठं, तीन कॅरेटांत, आणि एकही चुकत नाही. या शाळेला इन्स्पेक्टर नव्हता, गॅदरिंग नव्हतं, आणि पाहुणे तर मुळीच नव्हते. नातेवाईक लग्नाची पत्रिका द्यायचे आणि जाता जाता म्हणायचे, "पोरीले आनन्याची काई गरज नाई वो, तिले तरास होईन."

व्यासपीठावर अपेक्षाचा नंबर आला. ती छताच्या पंख्याकडे बघत होती. पंखा तिला फार आवडतो. दामिनीताई पाटाकडे बघत होत्या. बोट फिरलं: "आ... ई."

वर्षाली उठून व्यासपीठाच्या कडेशी आली. नऊ वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो माईकवर आला होता.

तेवढ्यात अपेक्षाने दामिनीताईंचा हात ओढून स्वतःच्या उजव्या कानावर दाबला. ताई गोंधळल्या. महाराज मुळीच गोंधळले नाहीत. "ती नाद ऐकते आहे! आतला नाद! आपल्याला ऐकू येईल का तो?"

आपल्याला येणार नव्हता, यात शंका नव्हती.

वर्षाली पाट घेऊन घरी आली. आईने मनगट कसं धरायचं याचं शिक्षण तिथेच दिलं होतं. आठवडाभरात पाट तिच्याही हाताखाली बोलू लागला. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. ती विचारायची, थांबायची, हसायची. त्या घरातून हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुठ्ठे तिने शेडच्या माळ्यावर टाकले. एवढ्या मोठ्या जिवाला ग्लासाचं चित्र काय दाखवायचं?

एक दिवस मी अंगणातल्या भिंतीवरून म्हणालो, "वर्षाली, लिहिताना ती पाटाकडे बघतच नाही."

"मंग?"

"न बघता मला दाराची कडीसुद्धा सापडत नाही."

"सर, तुमाले काय जाते वो?" ती एकदम भडकली. "नऊ वर्सानं माही पोरगी माह्याशी बोलून राहिली. तुमच्या पोटात काहून दुखते?"

मी भिंतीआड खाली बसलो. तिच्याजवळ एकच बोलणारं माणूस होतं, आणि मी ते काढून घ्यायला निघालो होतो.

मग अपेक्षा डोकं आपटायला लागली. घरांची भिंत आमची एक, त्यामुळे ठोके आमच्या फडताळातल्या कपांपर्यंत यायचे. जेवण सुटलं. वर्षालीने महाराजांना फोन केला. महाराज म्हणाले, "पाटालाच विचार."

तिने विचारलं. त्या दुपारी ती स्वतःच आमच्या दारात आली. केस विस्कटलेले, काखेत पाट.

"सर, मी पुसलं, बेटा, कुठी दुखते? तं तिनं लिवलं, 'मला जगाचे दुःख दुखते.'" तिने पाट आमच्या ओट्यावर ठेवला. "सर, नऊ वर्साच्या पोरीले जगाचं काय करा लागते?"

"तुला काय वाटतं?"

"माहे बाबा बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली हात घालून भाव करत. समोरच्याचं बोट दाबलं का त्याले समजे. भायेरच्याले वाटे, दोघं गुमान उभे हायेत." ती पाटाकडे बघत होती. "मी तिचं मनगट धरतो तवा... सर, मले एक डाव पाहाचं हाय. तुमी या."

शेडमध्ये आम्ही तिघंच. युक्ती तिचीच, मी फक्त रुमाल धरला. तिने पाठ फिरवली. मी रुमालाखालून अपेक्षाला चमचा दाखवला. मग वर्षाली वळली, तसं अपेक्षाच्या पाठीमागे उभं राहून तिला रुमालाखालची फणी दाखवली.

"बेटा, सरांनी काय दाखवलं?"

बोट फिरलं. फ. णी.

"पुन्हा," ती म्हणाली. अपेक्षाला किल्ली, तिला बांगडी. पाटाने बांगडी लिहिली.

"आता मी डोये मिटतो."

बोट पाटावर भरकटलं. ठ, ळ, मग पाटाची कड, मग नुसतं लाकूड. वर्षालीने हात सोडला. अपेक्षाने बोट शांतपणे मागे घेतलं आणि वरच्या पंख्याकडे बघू लागली.

वर्षालीने पाट उपडा ठेवला. संत्र्यांच्या वासाने शेड भरली होती.

"मी तं मुद्दाम नाई केलं, सर."

"नाही. हात मनाच्या मागे जातो. आपल्याला कळतही नाही. दामिनीताईंनाही कळत नसेल."

"म्हंजे महिनाभर मी कोनाशी बोलत होती?"

 

अपेक्षा उठली. तिने आईचा हात पकडला, स्वतःहून, आणि ओढून उजव्या कानावर दाबला. वर्षाली तिच्याकडे बघत राहिली. मग शिडी न लावता, कॅरेटांवर चढून तिने माळ्यावरून पुठ्ठे काढले आणि जमिनीवर पसरले. अपेक्षाने ग्लास बाजूला सारला, झोका बाजूला सारला. कान उचलला. लाल पुठ्ठा त्याच्यावर ठेवला.

अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने संत्र्याची एक बी काढली. ओलीने फुगलेली, भोवती पू. "बरेच दिवस आत असेल," ते म्हणाले. "पोरीनं सांगितलं नाही का?"

"सांगतलं," वर्षाली म्हणाली. "माईकसमोर सांगतलं."

महाराजांच्या पुढच्या शिबिराला ती पाट परत करायला गेली. मी पुन्हा ड्रायव्हर. तिने पदराखालून रुमाल काढला आणि दामिनीताईंना म्हणाली, "ताई, एक डाव डोये मिटून लिवा ना." ताईंनी बिचाऱ्यांनी मिटले, वर्षालीने वरून रुमाल बांधला. हातातल्या मुलाचं बोट पाटाबाहेर जाऊन शेजारच्या समईच्या तेलात पडलं.

"अविश्वासाने लहरी तुटतात!" महाराज ओरडले.

"लहरी तुटल्या तं तुटू द्या, महाराज. पोरीचा कान फुटत होता!"

 चमत्कार उघडा पडला की लोक उठून जातात, असं आपण वाचतो. दोन-तीन आया उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या. एक वर्षालीला हळूच म्हणाली, "बाई, मले समजते वो सगळं. पन घरी गेल्यावर माह्याशी बोलीन कोन?"

तेव्हा सरळच लिहितो. अक्षरांचा पाट वाईट नाही. मूल स्वतःच्या नजरेनं बघून, स्वतःच्या बोटानं दाखवत असेल तर त्याला पाट द्या, पुठ्ठे द्या, मोबाइल द्या. पण कुणी त्याचं मनगट धरून त्याच्या वतीने बोलत असेल, तर मनगट धरणाऱ्याला डोळे मिटायला सांगा. एवढ्याने निकाल लागतो. डोळ्यांवर बांधायला रुमाल घरातलाच चालतो. आणि मूल तुमचा हात ओढून स्वतःच्या अंगावर कुठे दाबत असेल, तर आतला नाद शोधण्याआधी कान बघा.

मग हात सोडा आणि थांबा. बराच वेळ काहीही होणार नाही. तेवढा वेळ त्या आईशेजारी कुणीतरी बसायला हवं. आपण बसत नाही, म्हणून महाराजांची लाल खुर्ची रिकामी राहत नाही.

मी हल्ली संध्याकाळी भिंतीवरून न बोलता शेडमध्ये जाऊन बसतो. अपेक्षा संत्री निवडते. मी एक मध्यम संत्रं मोठ्यांच्या कॅरेटात टाकतो. ती माझ्याकडे न बघता ते काढते आणि परत माझ्या हातात ठेवते.